दशांश गुणाची किंमत

क्रिकेटची बॅट एकदा आणून दिली की दोन-तीन वर्षे घरातल्या कर्त्या माणसाला स्वस्थता असते. नेमबाजीचे तसे नाही. माझी चौदा वर्षांची पुतणी पुण्यात दहा मीटर एअर रायफल खेळते. तिच्यापायी गेली दोन वर्षे आमच्या रात्रीच्या पंगतीत भाजी-आमटीबरोबर सिलिंडर आणि छर्रे हेही वाढले जातात. सिलिंडर गॅसचा नव्हे बरे, बंदुकीचा!

नवी यंत्रे आल्याने हा खेळ स्वस्त झाला की महाग, असा वाद एके रात्री माझ्यात आणि भावात झाला, आणि मी त्याच्या पाठीस लागलो. एवढे ध्यानात आले की बंदूक वापरायला सोपी झाली, पण खर्च मात्र बंदुकीतून उठून भलत्याच ठिकाणी जाऊन बसला.

एअर रायफल ऑलिंपिकमध्ये आली ती 1984 साली, लॉस एंजेलिसला. त्या काळच्या बंदुका स्प्रिंगच्या, नाहीतर एका दट्ट्याने हवा दाबणाऱ्या. पुरुषांच्या सामन्याला साठ गोळ्या, म्हणजे साठ वेळा दांडा ओढायचा. मग कार्बन डायऑक्साइडच्या बंदुका आल्या. दांडा गेला, पण हा वायू उन्हातान्हाने बिघडतो. उकाडा वाढला की त्याचा दाब चढतो, गारठ्यात उतरतो. अखेर साध्या हवेचाच सिलिंडर नळीखाली बसला. दोनशे बारने भरलेला, म्हणजे मोटारीच्या टायरातल्या हवेच्या जवळजवळ शंभरपट दाब. आता बारीक हाताची मुलगीही न दमता साठ गोळ्या झाडते. हा लाभ मोठाच आहे, तो कबूल केला पाहिजे.

पण अशी नवी परदेशी रायफल दोन-तीन लाखांच्या घरात जाते. शिवाय सिलिंडरला मुदत असते. नामांकित जर्मन कारखाने ती दहा वर्षांची देतात. तारीख त्यावर कोरलेलीच असते. दुधाच्या पिशवीसारखेच म्हणा ना! बंदूक कपाटात पडून राहिली तरी तारीख पुढे सरकतेच, आणि मुदत संपलेला सिलिंडर स्पर्धेत चालत नाही.

खरी मेख मात्र गुण मोजण्यात आहे. टार्गेटच्या मधला ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा, टाचणीच्या टोकाएवढा. पूर्वी पात्रता फेरीत ठिपक्याला नुसता स्पर्श झाला तरी दहा, आणि अगदी मधोमध बसला तरी दहाच. अंतिम फेरीत दशांश मोजत असत. 2013 पासून ते पात्रता फेरीतही आले. आता एका गोळीचे जास्तीत जास्त 10.9. साठ गोळ्यांना सहाशे हा परिपूर्ण आकडा होता, तो 654 झाला. जो बारीक फरक पूर्वी दहाच्या पदराखाली झाकला जात होता, तो आता चव्हाट्यावर आला.

मग छर्र्यांची निवड सुरू झाली. ते 4.5 मिलिमीटरचे, पण डोक्याचा व्यास 4.49 की 4.50, यावर खल चालतो. बंदूक शिकंज्यात आवळून वेगवेगळ्या डब्यांतले छर्रे झाडून पाहतात आणि जो डबा मानवेल त्याच उत्पादनाचा साठा करतात. चांगला छर्रा दोन-तीन रुपयांना पडतो. रोज शंभर झाडले तर पाचशेचा डबा पाच दिवसांत रिकामा! त्यात 2018 पासून महिलांच्याही गोळ्या चाळीसच्या साठ झाल्या. समतेच्या दृष्टीने हे योग्यच. पण भावाच्या वहीत दीडपट खर्चाचा रकाना त्याच वर्षाच्या नियमाने आखून ठेवला आहे.

छर्रे परवडले, असे कपडे म्हणतात. कॅनव्हास आणि चामड्याचा सूट मापाने शिवून घ्यावा लागतो. वजनदार रायफल उभ्याने पेलायची, तर पाठीला आधार हवा. तो फार जाड वा फार ताठ नको, म्हणून परीक्षक यंत्राने तपासतात. वहिनींनी शिंप्याला घरगुती सवयीने विचारले, "दोन इंच माया ठेवता का?" शिंपी म्हणाला, "वहिनी, सैल सूट काय कामाचा?" मुलगी वर्षात दीड इंच वाढली. पुढचे सांगायला नको.

उलट बाजूही आहे. कागदी टार्गेटांचे गठ्ठे जाऊन इलेक्ट्रॉनिक टार्गेटे आली. त्यांतली काही तर छर्रा कुठे लागला हे आवाजावरून हिशेबतात, नि पडद्यावर तत्क्षणी ठिपका उमटतो. यंत्र महाग, पण ते क्लबच्या माथी, आणि शंभर मुलांत वाटले जाते. नेम धरतानाची थरथर संगणकावर दाखवणारे उपकरण तर छर्रा न झाडताच सराव करू देते. माझ्या मते पैसे वाचवणारे यंत्र म्हणायचे तर हेच एक.

सामाईक साधनांचे हे महत्त्व जुनेच आहे. अंजली भागवत एन.सी.सी.तून या खेळाकडे वळल्या आणि 2000 साली सिडनीत अंतिम फेरीत पोहोचल्या. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने 2024 साली पॅरिसला पन्नास मीटर थ्री पोझिशनमध्ये 451.4 गुणांनी ब्रॉंझ मिळवले. तो शिक्षकाचा मुलगा, राज्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडलेला. त्याच्या प्रकारात तर खरी काडतुसे लागतात, छर्र्याहून कितीतरी महाग. संस्था पाठीशी नसती तर शिक्षकाच्या पगारात ती किती झाडता आली असती?

आमच्याकडे तूर्त असे ठरले आहे: सूट आणि छर्रे स्वतःचे, रायफल क्लबची. पण क्लबच्या रायफलीवर तिघी जणी, आणि दर वेळी गालाची पट्टी नि दस्ता आपल्या मापाला लावून घेण्यात पंधरा मिनिटे जातात. डिसेंबरात स्पर्धा आहे. म्हणून भावाने एका कॉलेजकुमाराची जुनी रायफल पाहून ठेवली आहे. सिलिंडरची मुदत संपायला वर्षच उरले आहे. मुलगा म्हणतो, "काका, बंदूक उत्तम आहे." भाऊ म्हणतो, "बंदुकीबद्दल तक्रार नाही रे, सिलिंडरचे पैसे वजा कर." बोलणी अजून चालूच आहेत.