मागचा ब्रेक : कधी लागतो, कधी लागत नाही

धानाच्या रोवणीचे दिवस आले की गोंदिया जिल्ह्यात मोटारसायकल ही केवळ सोयीची वस्तू राहत नाही. सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगाव या तालुक्यांतील अनेक गावे मुख्य रस्त्यापासून दूर, जंगलाच्या आत किंवा तलावांच्या पलीकडे वसलेली आहेत. शाळेत वेळेवर पोहोचणारा शिक्षक, लसीकरणाला निघालेला आरोग्य कर्मचारी, पंचायत समितीच्या सभेस जाणारा सदस्य या साऱ्यांचा भरवसा दोन चाकांवर असतो. मागे एखादा सहकारी किंवा धानाचे पोते असते. रपट्यावर साचलेले पाणी आणि बांध्यांतून ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर रस्त्यावर आलेला चिखल ओलांडावा लागतो. चिखलात पुढचा ब्रेक जोराने दाबला तर चाक घसरते, म्हणून पायाखालच्या मागच्या ब्रेकवर चालकाची सारी भिस्त असते. तोच नेमका अशा वेळी दगा देतो.

पूर्णपणे निकामी झालेला ब्रेक त्या मानाने बरा, कारण त्याची दुरुस्ती टाळताच येत नाही. अधूनमधून दगा देणारा ब्रेक मात्र मेकॅनिकच्या दुकानापुढे हटकून व्यवस्थित लागतो आणि ‘काही दोष नाही’ हे ऐकून मालक समाधानाने परत फिरतो. म्हणून ब्रेक किती वेळा गेला, यापेक्षा तो केव्हा गेला, हे मेकॅनिकला सांगणे अधिक महत्त्वाचे आहे. पाण्यातून आल्यावर, लांब उतारावर की सकाळी गाडी बाहेर काढताच? दोषाचा निम्मा शोध या उत्तरातच लागतो.

लहान गाड्यांपैकी बहुतेकांना मागे ड्रम ब्रेक असतो. पायातील पॅडल दाबले की ब्रेक रॉड ओढला जातो, त्यामुळे हबमधील कॅम फिरतो आणि दोन अर्धवर्तुळाकार ब्रेक शू बाजूला सरकून ड्रमच्या आतील भिंतीवर घासतात. हे घर्षणच चाकाला थांबविते. पाणी आत शिरले तर लायनर आणि ड्रम यांच्यामध्ये पाण्याचा पातळ थर येतो व ब्रेक काही काळ लागत नाही. थोडे अंतर गेल्यावर थर सुकतो आणि तक्रारही नाहीशी होते. पाण्यातून बाहेर येताच मोकळ्या रस्त्यावर हळू वेगात पॅडल हलकेच दाबून धरले, तर निर्माण होणाऱ्या उष्णतेने लायनर लवकर सुकते. पाण्याबरोबर बारीक गाळही आत जातो. तो मात्र हब उघडल्याशिवाय निघत नाही.

खरा फसवा दोष वंगणाचा आहे. चाकाच्या बेअरिंगमधील किंवा कॅमला सढळ हाताने लावलेले ग्रीस लायनरवर उतरते. मग शू पेट्रोलने धुऊन, सँडपेपरने घासून पुन्हा बसविले जातात. चार-आठ दिवस ब्रेक उत्तम लागतो. परंतु लायनरमध्ये मुरलेले वंगण ब्रेक तापताच पुन्हा पृष्ठभागावर येते आणि ब्रेक सुळसुळीत होतो. असे शू बदलणे हाच उपाय होय. नाहीतर दोन शूंच्या किमतीची बचत फार महाग पडते. याउलट कॅमला वंगण मुळीच नसेल तर तो गंजतो, पॅडल सोडल्यावरही शू पूर्णपणे मागे येत नाहीत, चाक घासत राहते आणि तापून ब्रेक मंदावतो. थोडा वेळ ब्रेक न लावता गाडी चालवून थांबविल्यावर हबजवळ हाताची मागची बाजू नेली असता चटका जाणवला, तर हीच शंका घ्यावी.

ब्रेक सैल वाटला की रॉडचा नट आवळायचा, ही सवय सार्वत्रिक आहे. पॅडलला साधारण दोन ते तीन सेंटिमीटर मोकळी चाल हवी. ती न ठेवता नट आवळल्यास शू कायम घासतात. शिवाय लायनरची झीज नजरेआड होते. पुष्कळ गाड्यांच्या हबवर बाण आणि खूण असते. पॅडल पूर्ण दाबल्यावर बाण खुणेपर्यंत गेला, म्हणजे शू संपले. नट आवळून ते परत येत नाहीत.

ज्या गाड्यांना मागे डिस्क ब्रेक आहे, तेथे काम ब्रेक ऑइलचे. हे तेल हवेतील ओलावा शोषते. डॉट-४ प्रतीचे नवे तेल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. ओलावा शोषलेल्या तेलासाठी ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत खाली येते. दरेकसा परिसरासारख्या चढ-उताराच्या रस्त्यावर पॅडलवर सतत पाय ठेवून उतरल्यास तेल उकळून वाफ होते, वाफ दबते आणि पॅडल एकदम खाली जाते. गाडी थंड होताच सारे पूर्ववत! दर दोन वर्षांनी तेल बदलल्यास हा धोका बराच टळतो. पॅडल दोन-तीनदा दाबल्यावर कडक होत असेल तर नळीत हवा असण्याचा संभव असतो; दाबून धरले असता हळूहळू खाली सरकत असेल तर गळती किंवा मास्टर सिलिंडरची सील पाहावी.

१ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या दुचाकींना संयुक्त ब्रेक प्रणाली किंवा एबीएस बंधनकारक झाले. संयुक्त प्रणालीत मागचे पॅडल दाबले की पुढचा ब्रेकही काही अंशी लागतो, त्यामुळे मागच्या ब्रेकचा कमकुवतपणा चालत्या गाडीवर झाकला जातो. अशी गाडी मधल्या स्टँडवर उभी करावी, मागचे चाक हाताने फिरवावे आणि दुसऱ्याने पॅडल दाबावे. चाक जागीच थांबले पाहिजे व पॅडल सोडताच मोकळे फिरले पाहिजे. त्याच वेळी मागचा दिवा लागतो की नाही, तेही पाहून घ्यावे. दुरुस्तीनंतरची चाचणी शाळेच्या रिकाम्या मैदानावर, कमी वेगात, प्रथम कोरड्या आणि नंतर हबवर पाणी ओतून ओल्या ब्रेकने करावी. मागे कोणालाही बसवू नये.