थकलेल्या इलेक्ट्रॉनांची दुर्बीण

नारायणगावजवळच्या खोडदला जाळीच्या प्रचंड तबकड्या उभ्या आहेत. एकूण ३०, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. १४ मधल्या चौकात दाटीने, बाकीच्या तीन भुजांवर पंचवीसेक किलोमीटरच्या पसाऱ्यात. पत्र्याऐवजी ताणलेल्या तारांची जाळी ही गोविंद स्वरूप यांची कल्पना. वारा आरपार जातो, वजन घटतं, खर्चही. आणि मीटरभर लांबीच्या लहरींना ती जाळी सलग आरशासारखीच. ही जीएमआरटी. पल्सार, हायड्रोजन असं बरंच काही ती पाहते, पण मला तिचं दीर्घिकासमूहांवरचं काम अधिक मोलाचं वाटतं.

समूहातल्या शेकडो दीर्घिकांच्या मधल्या जागेत कोट्यवधी अंश तापलेला विरळ वायू असतो. कोमा समूहातल्या या मधल्या जागेतूनच रेडिओ लहरी येतात, कुठल्या एका दीर्घिकेतून नव्हे, हे १९७० मध्ये केंब्रिजच्या निरीक्षणांतून पक्कं झालं. अशा धूसर पट्ट्याला रेडिओ हेलो म्हणतात. चुंबकीय क्षेत्रात प्रकाशाच्या जवळपास वेगाने गरगरणारे इलेक्ट्रॉन त्या लहरी सोडतात. घोडं अडतं ते इथेच: दहाएक कोटी वर्षांत ते थकतात आणि हेलो तर तीसेक लाख प्रकाशवर्षं पसरलेला. गरम वायूतून वाट काढत एवढं अंतर पसरायला त्यांना त्याच्या कितीतरी पट काळ लागेल. तेव्हा त्यांची शिदोरी वाटेतच कुठेतरी भरली जात असणार.

एक तर्क असा की प्रोटॉन वायूवर आदळून नवे इलेक्ट्रॉन जन्मतात. मग गॅमा किरणही हवेत. पण हेलोचा हिशेब जुळेल इतके ते फर्मी दुर्बिणीला सापडलेले नाहीत. दुसरा तर्क, दोन समूह आदळल्यावर वायूत उठणाऱ्या खळबळीचा. इथे जीएमआरटीची साक्ष महत्त्वाची. तिझियाना व्हेंतुरी आणि सहकाऱ्यांनी ६१० मेगाहर्ट्झवर तेजस्वी समूहांची पाहणी केली, तर बहुतेकांत हेलो नव्हताच! ज्यांत होता, ते धडकेने विस्कटलेले. पुढे २००८ मध्ये एबेल ५२१ समूहाचा हेलो २४० मेगाहर्ट्झवर ठळक दिसला. वरच्या वारंवारितेला तो जेमतेम उरतो. खळबळीचा मंद रेटा मिळालेले इलेक्ट्रॉन असेच वागायला हवेत.

समूहांच्या कडेला धनुष्याकृती 'अवशेष' दिसतात, ते धडकेच्या आघातलाटांचे. पण या लाटा बऱ्याचदा दुबळ्या असतात. साध्या गरम वायूतून इतके वेगवान इलेक्ट्रॉन उचलणं त्यांना झेपत नाही. म्हणून आता संशय आहे तो दीर्घिकांमधल्या कृष्णविवरांनी पूर्वी कधीतरी फेकलेल्या, विझत आलेल्या इलेक्ट्रॉनांवर.