चिंचिला : डोंगर पिंजऱ्यात मावतो का?

चिंचिला! नाव ऐकलं की आधी चिंचच आठवते. पण ह्याचा चिंचेशी काडीचाही संबंध नाही. मोठे गोल कान, झुपकेदार शेपटी, सशासारखा मऊ, आणि वजन जेमतेम अर्धा किलो. हा कुरतडणाऱ्या प्राण्यांपैकी एक, म्हणजे गिनीपिगचा लांबचा भाऊबंद. फोटो बघितला की कुणीही म्हणेल, "सो क्यूट यार, आपण पण पाळू या!" तर मंडळी, पाळायच्या आधी हा प्राणी कुठल्या परिस्थितीसाठी 'डिझाईन' झालाय ते तरी बघू.

ह्याचं मूळ गाव म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताचे कोरडे, खडकाळ उतार. दिवसा खडकांच्या फटीत झोप आणि अंधार पडला की उद्योग सुरू (थोडक्यात, हॉस्टेलचं टाइमटेबल!). तिथल्या रात्रीच्या थंडीसाठी निसर्गाने ह्याला जबरदस्त कोट दिलाय. आपल्या डोक्यावर एका छिद्रातून एक ते तीन केस उगवतात, ह्याच्या अंगावर पन्नासच्या वर. हा कोटच त्याच्या जिवावर उठला. माणसाच्या एका लांब कोटाला शंभराहून जास्त चिंचिला लागतात. शिकार इतकी झाली की १९१० साली चिली, पेरू, बोलिव्हिया आणि अर्जेंटिना या देशांना बंदीचा करार करावा लागला. आजही जंगलातल्या त्याच्या दोन्ही जाती धोक्यात आहेत.

मग पाळीव चिंचिला आले कुठून? इथे आपल्याच बिरादरीतला एक माणूस येतो. मथायस चॅपमन हा अमेरिकन मायनिंग इंजिनिअर चिलीतल्या तांब्याच्या खाणीवर नोकरीला होता. सरकारी परवानगी काढून १९२३ साली त्याने ११ चिंचिला कॅलिफोर्नियाला नेले. एकदम खाली आणले तर उष्णतेने मरतील, म्हणून डोंगरावरून हळूहळू, टप्प्याटप्प्याने उतरवले. जहाजावर पिंजरे गार ठेवायला बर्फ वापरला. त्याचा हेतू केसाळ कातड्याच्या धंद्याचा होता, पण पुढे घरोघरी गेलेले बरेचसे चिंचिला ह्याच अकरांचे वंशज मानले जातात. त्याला एक गोष्ट बरोबर कळली होती : प्राणी हलवायचा तर त्याचं हवामान पण सोबत न्यावं लागतं. चिंचिलाची सगळी देखभाल म्हणजे हाच फंडा.

पहिला मुद्दा उष्णता. चिंचिलाला घाम येत नाही आणि अंगावर ते इन्सुलेशन! त्याला साधारण १० ते २० अंश सेल्सिअस मानवतं. २७ च्या पुढे उष्माघाताने काही तासांत जीव जाऊ शकतो. जास्तीची उष्णता बाहेर टाकायला त्याचे कान रेडिएटरचं काम करतात. म्हणून कान लालबुंद झाले, प्राणी आडवा पडून धापा टाकायला लागला, की लगेच गार जागी हलवायचं आणि डॉक्टरकडे न्यायचं. बर्फाच्या पाण्यात बुडवायचं मात्र नाही.

दुसरा मुद्दा आंघोळ. पाण्याची आंघोळ बंद! इतके दाट केस भिजले की लवकर वाळत नाहीत, आणि ओल राहिली की बुरशी धरते. अँडीजमध्ये तो ज्वालामुखीच्या बारीक राखेत लोळतो. घरी तशीच खास पूड एका भांड्यात घालून आठवड्यातून दोन-तीनदा दहा-पंधरा मिनिटं द्यायची. पूड अंगावरचं तेल आणि ओल शोषून घेते. साधी वाळू चालत नाही.

तिसरा, दात आणि पोट. ह्याचे दात जन्मभर वाढत राहतात, पुढचे तर वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर. ते झिजवायला चोवीस तास सुकं गवत हवं. गवत म्हणजे जेवण आणि ग्राइंडिंग व्हील, टू इन वन! सोबत चमचा-दोन चमचे पेलेट्स. लाडाने मनुके, बिस्किटं, दाणे दिले की पोट बिघडतं, आणि हा प्राणी उलटी करू शकत नाही. पूर्ण दिवस खाल्लं नाही तर ती इमर्जन्सी समजायची.

चौथा, हाताळणं. घाबरवून पकडलं तर केसांचा पुंजका तुमच्या हातात सोडून तो पळतो. शत्रूपासून सुटायची ही युक्ती. मिठी मारून घ्यायचा हा प्राणी नव्हे. पिंजरा उंच हवा, कारण उड्या मीटरच्या वर जातात. तळ जाळीचा नको, पाय दुखावतात. प्लास्टिकही नको, कुरतडून गिळतो.

आता थोडं गणित. पाळणाऱ्यांचा एक ठोकताळा आहे : फॅरनहाइटमधलं तापमान अधिक हवेतली आर्द्रता टक्क्यांत, ही बेरीज १५० च्या खाली हवी. मुंबईत मे महिन्यात ३३ सेल्सिअस, म्हणजे ९१ फॅरनहाइट, आणि आर्द्रता ७० टक्के धरा. बेरीज १६१. नापास! विदर्भातल्या कोरड्या उन्हाळ्यात ४२ सेल्सिअस म्हणजे १०८, आर्द्रता २० धरली तर बेरीज १२८. पास? अजिबात नाही, कारण नुसतं तापमानच त्याचा जीव घेईल. म्हणजे एसी रात्रंदिवस चालू, आणि दुपारी लाइट गेली तर? जनरेटरचा खर्च एकवेळ काढता येईल, पण तेव्हा घरी कोण असेल?

आणि हे दोन-चार महिन्यांचं काम नाही. नीट सांभाळला तर चिंचिला दहा ते वीस वर्षं जगतो. आपली डिग्री, नोकरी, लग्न, बदल्या, सगळं त्यात आलं. शिवाय चिंचिला बघणारा प्राण्यांचा डॉक्टर आपल्याकडे शोधूनही सहज सापडत नाही.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. थंड, कोरड्या देशात, वेळ आणि सोय असलेल्या माणसाने जरूर पाळावा. आपल्याकडे मात्र त्याचं प्रेम फोटोपुरतंच ठेवावं. कुठलंही मशीन घेताना आपण आधी ऑपरेटिंग कंडिशन्स वाचतो. जिवंत प्राण्याच्या बाबतीत तर ते आधी वाचायला हवं, कारण ह्याला रिप्लेसमेंट पार्ट मिळत नाही!