पणजीला जायचंय? आधी चंद्र बघा

(या भागाचं लिखित रूप. बोलताना जसं बोललो तसंच बरंचसं ठेवलंय, फक्त ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ थोडे कमी केलेत.)

जगात जर्मनी अन् भारतात परभणी, हे आपण छाती फुगवून सांगतो. पण परभणीला एक गोष्ट नाही, ती म्हणजे समुद्र. परभणी, सेलू, जिंतूर, गंगाखेड, कुठूनही निघा, किनारा गाठायला अख्खा एक दिवस जातो. म्हणून आपल्याकडच्या पोरांचं पहिलं ‘गोवा प्लॅन’ हे एक प्रकरणच असतं. व्हॉट्सॲप ग्रुप तयार होतो, नाव ठेवलं जातं, आणि मग ‘कधी जायचं?’ या एका प्रश्नावर ग्रुप मरतो.

आजचा भाग त्या ‘कधी’वर आहे. आणि पाण्यात कधी उतरायचं, कधी नाही, यावर. दोन्हीचं उत्तर एकाच ठिकाणी सापडतं, चंद्रात. ज्योतिष नाही सांगत बरं का, साधं गणित आहे.

आपण पणजी धरू. गोवा म्हटलं की लोक थेट कळंगुट-बागा गाठतात आणि पणजी नुसती बसस्टँडपुरती बघतात. पण उत्सव बघायचे असतील तर शहर पणजीच. मांडवी नदी जिथे समुद्राला मिळते तिथेच हे वसलंय. पोर्तुगीजांनी १८४३ मध्ये राजधानी जुन्या गोव्याहून इथे आणली. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला तरी राजधानी पणजीच राहिली. डिसेंबरमध्ये सेरेंडिपिटी हा कलामहोत्सव असतो, नोव्हेंबरच्या सुमारास इफ्फी, म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, जो २००४ पासून इथे भरतो. दिवाळीच्या आदल्या रात्री गल्लोगल्ली नरकासुराचे अवाढव्य पुतळे उभे करतात आणि पहाटे जाळतात. पण रस्त्यावर सगळं शहर उतरतं ते दोनदा, कार्निव्हलला आणि शिगम्याला. आणि नेमक्या याच दोघांच्या तारखा दरवर्षी सरकतात.

शिगम्याचं आपल्याला लगेच कळतं, कारण तो आपल्या फाल्गुनातलाच. धाकटा शिगमो पौर्णिमेच्या आधी, वडलो शिगमो पौर्णिमेपासून पुढे. गावागावात तो आपापल्या रीतीने होतो. शहरांत मात्र होळीनंतरच्या दिवसांत मोठ्या मिरवणुका निघतात. ढोल-ताशांच्या तालावर रोमटामेळ, कमरेला लाकडी घोडा बांधून नाचायची घोडेमोडणी, फुगड्या, पुराणातल्या प्रसंगांचे चित्ररथ. प्रत्येक शहराचा दिवस वेगळा असतो आणि ते वेळापत्रक दरवर्षी जाहीर होतं. त्यामुळे ‘होळीला गेलो आणि काहीच दिसलं नाही’ म्हणणारे बरेच भेटतात. होळीचा दिवस नाही, पणजीच्या मिरवणुकीचा दिवस धरायचा.

कार्निव्हल ख्रिश्चन कॅलेंडरवर चालतो. ईस्टरच्या आधी चाळीस दिवसांचा उपवासाचा काळ असतो. तो सुरू होतो राखेच्या बुधवारी, म्हणजे ईस्टरच्या ४६ दिवस आधी. (मधले सहा रविवार उपवासात धरत नाहीत, म्हणून ४० चे ४६.) उपवासाआधी खाऊन-पिऊन-नाचून घ्यायचे चार दिवस, शनिवार ते मंगळवार, तो कार्निव्हल. आपली गटारी आठवली ना? तर्क तोच, फक्त इथे सरकारी पाठबळ आणि चित्ररथ आहेत. शनिवारी पणजीत किंग मोमो नावाचा ‘राजा’ मिरवणुकीत येतो आणि प्रजेला मजा करायचं फर्मान सोडतो.

मग ईस्टर कधी? २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार. चर्च इथे आकाशातला चंद्र बघत नाही, कोष्टकातला बघतं. आमच्या भाषेत सांगायचं तर लुकअप टेबल. शेकडो वर्षांपूर्वी केलेलं आणि अजून व्यवस्थित चालणारं. आमच्या ऑफिसात दोन वर्षांपूर्वीचा कोड कुणाला कळत नाही, ते सोडा.

आता मजा बघा. पौर्णिमा ते पौर्णिमा साधारण साडेएकोणतीस दिवस. कार्निव्हलचा मंगळवार ईस्टरच्या ४७ दिवस आधी, म्हणजे त्या पौर्णिमेच्या ४० ते ४६ दिवस आधी. दीड चांद्रमास म्हणजे जवळपास ४४ दिवस. पौर्णिमेतून दीड महिना मागे गेलं की काय येतं? अमावास्या. म्हणजे कार्निव्हल नेहमी अमावास्येला चिकटूनच येतो आणि वडलो शिगमो पौर्णिमेला. एक रोमहून आलेला, एक इथल्या मातीतला, पण घड्याळ दोघांचंही एकच.

यातून एक सोपा नियम निघतो, जो बहुतेक वर्षी चालतो. होळीची पौर्णिमा २१ मार्चच्या आधी आहे की नंतर, एवढंच कालनिर्णयात बघा. आधी असेल तर ईस्टर चैत्र पौर्णिमेवर, हनुमान जयंतीच्या मागे जातो आणि कार्निव्हल होळीच्या दोनेक आठवडे आधी, महाशिवरात्रीच्या जवळपास येतो. २०२६ मध्ये असंच झालं. महाशिवरात्र १५ फेब्रुवारीला आणि कार्निव्हल १४ ते १७ फेब्रुवारी. होळीची पौर्णिमा २१ मार्चला किंवा नंतर असेल तर ईस्टर थेट होळीमागे येतो आणि कार्निव्हल होळीच्या दीड महिना आधीच उरकतो. २०२४ मध्ये तो १० ते १३ फेब्रुवारीला होता, होळी मार्चअखेरीस. २०२७ पण तसंच. पौर्णिमा २२ मार्चला, ईस्टर २८ मार्चला, म्हणून कार्निव्हल ६ ते ९ फेब्रुवारी. आपल्या परभणीचा उरूसही फेब्रुवारीतलाच. तेव्हा उरूस की कार्निव्हल, हे घरी आधीच ठरवून घ्या.

२०२६ सारख्या वर्षी दोन्ही एका ट्रिपमध्ये बसवायचा मोह होतो. नका. मधे दोन-तीन आठवडे असतात, तेवढी सुट्टी कोण देतो? माझं मत विचाराल तर पहिल्यांदा जाणाऱ्याने शिगमो बघावा. कार्निव्हलचे फोटो सगळ्यांकडे असतात, पण रोमटामेळातला ढोल छातीत वाजतो तो रीलमध्ये येत नाही. आणि कार्निव्हलला खोल्यांचे भाव असे चढतात की विचारू नका.

आता मुख्य गोष्ट. इथे जरा कान देऊन ऐका. अमावास्या-पौर्णिमेला समुद्रात काय होतं? शाळेत शिकलोय आपण: उधाणाची भरती. सूर्य आणि चंद्र एका रेषेत येतात, दोघांची ओढ जोडली जाते, भरती जास्त चढते आणि ओहोटी जास्त उतरते. अष्टमीच्या आसपास भांगाची, तेव्हा फरक कमी. म्हणजे आपण ज्या दोन उत्सवांना गोव्यात गर्दी करतो, ते दोन्ही उधाणाच्या दिवसांतलेच. गोव्याच्या किनाऱ्यावर या दिवसांत भरती-ओहोटीतला फरक दोन मीटरच्या आसपास जातो. दोन मीटर म्हणजे आपल्या डोक्यावरून. सकाळी जिथे वाळूत चपला ठेवल्या, तिथे दुपारी पाणी असतं. आणि अमावास्या-पौर्णिमेला भरती साधारण दुपारच्या आसपास येते. म्हणजे जेवून ग्रुप पाण्यात उतरतो तेव्हा पाणी मागे सरायला लागलेलं असतं. नेमकी वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे जाते. म्हणून त्या दिवसाचं भरतीचं कोष्टक मोबाईलवर बघायचं, दोन मिनिटांचं काम आहे.

आपल्याकडची पोरं पोहण्यात कच्ची नाहीत. गंगाखेडला गोदावरीत, नाहीतर गावच्या विहिरीत शिकलेली असतात. पण तोच आत्मविश्वास समुद्रात घात करतो. नदीचं पाणी एका दिशेने जातं आणि दोन्ही बाजूंना काठ असतो. समुद्रात लाटा पाणी किनाऱ्यावर आणून टाकत राहतात आणि ते साचलेलं पाणी परत जायला एखादी अरुंद वाट शोधतं. त्या वाटेने ते जोरात आत जातं. याला रिप करंट म्हणतात. गंमत म्हणजे वरून ती जागा सगळ्यात शांत दिसते. दोन्ही बाजूंना लाटा फुटतायत, पांढरा फेस आहे आणि मधेच एक गडद, गुळगुळीत पट्टा. नवखा माणूस म्हणतो, ‘इथं लाटा नाहीत, इथंच उतरू.’ तीच जागा टाळायची.

अडकलात तर? तो प्रवाह तुम्हाला खाली ओढत नाही, आत नेतो. हे डोक्यात पक्कं बसवा, कारण माणूस किनाऱ्याकडे तोंड करून जीव तोडून पोहतो, जागच्या जागीच राहतो आणि दमून बुडतो. त्याच्याशी भांडायचं नाही. खारं पाणी तरंगायला मदत करतं, पाठीवर तरंगा, हात वर करून खूण करा. दम असेल तर किनाऱ्याला समांतर, डावीकडे नाहीतर उजवीकडे पोहा. पट्टा अरुंद असतो. बाहेर पडलात की लाटांबरोबर तिरपे किनाऱ्याकडे या. आणि मित्र अडकला तर लगेच मागोमाग उडी नको. आधी जीवरक्षकाला हाक, नाहीतर ११२. रिकामी प्लास्टिकची बाटली, ट्यूब, जे तरंगेल ते त्याच्याकडे फेका. एकाला वाचवायला गेलेले दोघं बुडाले, अशा बातम्या दरवर्षी वाचतो आपण.

गोव्यात २००८ पासून दृष्टी ही संस्था किनाऱ्यांवर जीवरक्षक पुरवते. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधे उतरायचं, लाल झेंडा असेल तर नाही. अंधार पडल्यावर नाही, पावसाळ्यात नाही आणि पिऊन तर अजिबात नाही. समुद्र खवळण्याचा इशारा हैदराबादची इन्कॉइस ही सरकारी संस्था देते, तोही बघता येतो.

पणजीपुरतं एक खास. शहराचा आपला बीच म्हणजे मिरामार. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांची समाधी तिथेच आहे. मऊ वाळू, झाडी, मस्त सूर्यास्त. पण तो मांडवीच्या तोंडावर आहे. ओहोटीला अख्खी नदी तिथून बाहेर पडत असते. तिथे फिरा, भेळ खा, पाय भिजवा. पोहायचं असेल तर झेंडे आणि जीवरक्षक असलेल्या खुल्या किनाऱ्यावर जा, कळंगुट साधारण पंधरा किलोमीटर आहे.

बाकी पणजी पायी बघायचं शहर आहे. फोंतेन्हास म्हणजे मळ्याच्या बाजूची जुनी वस्ती, पिवळी-निळी-लाल घरं. तिथे लोक राहतात, त्यांच्या दारात बसून फोटोशूट करू नका, वैतागलेत ते. नागमोडी पायऱ्यांचं पांढरं चर्च आहे, तिथून वर आल्तिन्हो. संध्याकाळी फेरीबोटीने बेतीला जाऊन परत या. चालत जाणाऱ्याला तिकीट नाही आणि मांडवीवरून दिवे लागलेलं शहर दिसतं. बोलायला मराठी बिनधास्त चालते, कोंकणीही कानाला पटकन सरावते. स्कूटर घ्याल तर काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेलीच घ्या, तीच भाड्याची अधिकृत. पांढऱ्या पाटीवाली स्वस्त मिळते आणि पोलिसांनी धरलं की महाग पडते.

जायचं कसं? रस्त्याने सहाशे किलोमीटरहून जास्त आहे, मी तरी गाडी घेऊन जा म्हणणार नाही. देवगिरी, नंदिग्राम किंवा तपोवनने मुंबईकडे जा आणि तिथून कोकण रेल्वे पकडा. पणजीला जवळचं स्टेशन करमळी, मडगाव नाही. मडगावला उतरलात तर परत तीसेक किलोमीटर उलटं यावं लागतं. मुंबईत गाड्यांच्या मधे चार-पाच तास ठेवा, आपली गाडी वेळेवर पोचेल यावर पैज लावू नका.

आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. २०२७ च्या कार्निव्हलसाठी गुरुवारी ४ फेब्रुवारीला परभणीहून निघायचं असेल तर तिकीट ६ डिसेंबर २०२६ ला सकाळी आठला उघडेल. रविवार आहे. अलार्म लावा.