मोटारसायकलचा पुढचा टायर निवडताना



शाळेच्या पत्रिकेत टायरचे काय काम, असे विश्वस्त मंडळींपैकी कोणी विचारील. विचारणे रास्तच आहे. पण आपल्या शाळेच्या फाटकाशी सकाळी उभे राहिले की दिसते, बेला, जैनद, तामसी, तलमडगू या बाजूंनी येणारे निम्मे पालक मोटारसायकलवरच मुलांना सोडतात. एका गाडीवर तीन मुलेही आम्ही पाहिली आहेत. त्या सगळ्यांचा भार आणि गाडीची दिशा ज्या हातभर रबरावर अवलंबून असते, त्याविषयी दोन शब्द लिहिणे आम्हाला गरजेचे वाटले. शिवाय या बाबतीत आमच्या हातून एक चूक झाली आहे, ती लपवण्यात अर्थ नाही.

काही वर्षांपूर्वी आमच्या १०० सीसी गाडीचा पुढचा टायर झिजला. मूळ टायर होता २.७५-१८. दुकानदार म्हणाला, "सर, चौड़ा टायर डालो, पकड अच्छी आएगी." आमचे शिक्षण हिंदी माध्यमातून झालेले, आम्हाला ‘चौड़ा’ हा शब्द तसाही भारदस्त वाटतो. आम्ही ९०/९०-१८ बसवून घेतला. गाडी दिसायला रुबाबदार झाली, हे खरे.

जुलै महिना होता. निंदणीच्या दिवसांत एक विद्यार्थी पंधरा दिवस शाळेत आला नाही, म्हणून आम्ही आणि आमचे एक शिक्षक बेल्याच्या बाजूला त्याच्या गावी निघालो. डांबरी रस्ता संपला आणि शेताची वाट लागली. आपली काळी कापसाची माती ओली झाली की कशी चिकटते, हे इथल्या शेतकऱ्याला सांगायला नको. पुढच्या चाकावर मातीचे थर चढत गेले. टायर आणि मडगार्ड यांच्यात पूर्वी जी मोकळी जागा होती, ती या जाड टायरने आधीच खाल्ली होती. माती तिथे गच्च बसली, चाक फिरायचे थांबले आणि आम्ही दोघे आडवे झालो. वेग कमी होता म्हणून आम्ही खरचटण्यावर सुटलो. शिक्षकांच्या मनगटाचे हाड मोडले. दीड महिना त्यांना फळ्यावर लिहिता आले नाही.

त्यानंतर आम्ही हा विषय जरा मन लावून समजून घेतला.

आधी टायरवरचे आकडे वाचू. ९०/९०-१८ यात पहिला ९० म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा ९० म्हणजे उंची, पण ती मिलिमीटरमध्ये नाही; ती रुंदीच्या ९० टक्के, म्हणजे ८१ मिलिमीटर. शेवटचे १८ म्हणजे रिमचा व्यास, इंचात. एकाच ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच! परीक्षेत असे उत्तर कोणी लिहिले असते तर आम्ही गुण कापले असते. जुन्या पद्धतीत २.७५-१८ लिहीत, त्यात दोन्ही आकडे इंचात. २.७५ इंच म्हणजे सुमारे ७० मिलिमीटर रुंदी, आणि उंची जवळजवळ तेवढीच. म्हणजे आम्ही ७० च्या जागी ९० चा टायर घातला आणि तो उंचीलाही वाढला. पुढे ‘४७पी’ असे काही लिहिलेले असते. ४७ हा भाराचा क्रमांक, त्याचा अर्थ १७५ किलो. पी म्हणजे ताशी १५० किलोमीटरपर्यंतचा वेग.

आता खरी गोष्ट, टायरच्या आकाराची. याला प्रोफाइल म्हणतात. मोटारीचा टायर जमिनीवर सपाट बसतो, मोटारसायकलचा गोलाकार असतो, कारण ही गाडी वळताना कलते. घरी एक प्रयोग करून पाहा. तोंडाशी रुंद आणि बुडाशी अरुंद असा स्टीलचा पेला फरशीवर आडवा ठेवून ढकला. तो सरळ जात नाही, गोल फिरतो, कारण त्याच्या एका कडेचा घेर मोठा आणि दुसरीचा लहान आहे. गाडी कलली की टायरचेही तसेच होते. मधला घेर मोठा, कडेचा लहान, म्हणून कललेले चाक आपणहून वळणाच्या आत जाऊ लागते. गोलाई टोकदार असेल तर गाडी चटकन कलते, सपाट असेल तर कलायला जड जाते. पुढच्या चाकाची गोलाई हातातल्या हँडलला थेट कळते, म्हणून मागच्या टायरपेक्षा पुढच्या टायरच्या निवडीत अधिक काळजी घ्यायची.

राष्ट्रीय महामार्ग ४४ वर सरळ धावून धावून टायर मधोमध झिजतो आणि सपाट होतो. मग निर्मलकडे जाताना महबूब घाटाच्या वळणावर गाडी कलवली की त्या सपाट भागाच्या कडेला अचानक धक्का बसल्यासारखे होते. नक्षी शिल्लक आहे म्हणून टायर चांगला आहे, असे समजू नये. समोर बसून त्याची गोलाई पाहावी.

आमच्या ‘चौड़ा’ टायरचे दुसरे दुखणे रिमचे होते. रिमवर तिची रुंदी ठोकलेली असते. आमची होती १.६० इंच. ९० मिलिमीटरच्या टायरला साधारण दोन इंचांच्या आसपासची रिम लागते. अरुंद रिमवर रुंद टायर चढवला की त्याचे गाल आत ओढले जातात आणि माथा अधिकच टोकदार होतो. रस्त्याला टेकणारा भाग वाढावा म्हणून पैसे खर्च केले, आणि तो वाढला नाहीच. किती रबर जमिनीला टेकेल हे बरेचसे भार आणि हवा यांवर ठरते, हे दुकानात कोणी सांगत नाही. १०० सीसीच्या गाड्यांना पुढे साधारण २५ पौंड हवा लागते. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात किंवा साखळीच्या झाकणावर असतो.

तिसरे, वेगाचा काटा. बऱ्याच जुन्या गाड्यांत काट्याची तार पुढच्या चाकातून निघते. चाक मोठे झाले की तेवढ्याच अंतरात त्याचे फेरे कमी होतात आणि काटा कमी वेग दाखवतो. आमच्या बाबतीत फरक सुमारे तीन टक्क्यांचा होता: काटा ६० दाखवी तेव्हा खरा वेग ६२ च्या जवळ. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरील नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचे झाले. तेही चाकाच्या फेऱ्यांवरच हिशेब करते, म्हणून अशा गाडीत टायरचा घेर बदलणे आणखी वाईट.

मग काय घ्यावे? आमचे मत सरळ आहे: कंपनीने दिला तोच आकार. कंपन्या स्वतः आकार बदलतात, नाही असे नाही. जुन्या बुलेटला दोन्ही चाकांना ३.२५-१९ येत असे; पुढे ९०/९०-१९ आला, आणि २०२१ च्या क्लासिकला पुढे १००/९०-१९ आहे. स्प्लेंडरही २.७५ वरून ८०/१००-१८ वर आली. पण कंपनी टायर बदलते तेव्हा रिम, मडगार्ड आणि पुढचा दांडा यांचा मेळ घालूनच बदलते. आपण फक्त टायर बदलतो. उंचीचा आकडा कमी करून बुटका टायर घालण्याचाही मोह नको. आपल्या खड्ड्यांत बुटक्या टायरचा गाल पुरत नाही. मार रिमला लागतो.

मागचा अर्धा झिजलेला टायर पुढे घालण्याची काटकसर आपल्याकडे घरोघरी चालते. पुढच्या टायरवर बहुधा लांब सलग रेघा असतात, त्या दिशा धरून ठेवतात. मागच्यावर तुकड्यांची नक्षी असते, ती जोर घेण्यासाठी. ब्रेक दाबला की बहुतेक भार पुढच्या चाकावर येतो, त्यामुळे ही काटकसर नेमक्या चुकीच्या जागी होते. नवा टायर घेताना बाणाची दिशा पाहावी आणि बाजूवरचे चार आकडेही वाचावेत. २३१९ म्हणजे २०१९ सालच्या २३ व्या आठवड्यात बनलेला. दुकानात पडून राहून रबर कडक होते.

दहावीच्या मुलांनी हे वाचावे, पण चावी मागू नये. गिअरच्या गाडीचा परवाना १८ व्या वर्षी मिळतो, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाच्या गुन्ह्यासाठी पालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

तो ९०/९०-१८ टायर आम्ही उतरवला, पण टाकला नाही. तो विज्ञानाच्या खोलीत ठेवला आहे, शेजारी जुना २.७५-१८ ही आहे. नववीच्या वर्गाने दोन्हींचा घेर दोऱ्याने मोजला आणि व्यास काढून पाहिला. तीन टक्क्यांचा फरक आम्हाला त्यांनीच काढून दिला. ज्या पालकांना आपल्या गाडीच्या टायरवरचे आकडे समजून घ्यायचे असतील, त्यांनी मुलांना न्यायला येताना जरा दहा मिनिटे आधी यावे. मुले सांगतील.