स्वस्त संगणक आणि गावाचा हिशेब

परभणी जिल्ह्यातील एखादी ग्रामपंचायत शाळेसाठी संगणक घेण्याचे ठरविते, तेव्हा बैठकीत पहिला प्रश्न किमतीचा निघतो. तो स्वाभाविकच आहे. परंतु विकसनशील देशांतील जनतेस स्वल्प दरात संगणक पुरविण्याचे आजवरचे प्रयत्न पाहिले, तर किमतीपाशी हिशेब संपत नाही, असे आढळून येते.

यांपैकी एक प्रयत्न आपल्याच राज्यात झाला. अमेरिकेतील प्रा. निकोलस निग्रोपॉन्टे यांनी २००५ मध्ये प्रत्येक मुलास शंभर डॉलरचा एक संगणक देण्याची कल्पना मांडली. शिक्षक व वर्गखोल्या यांची गरज अधिक निकडीची आहे, असे सांगून केंद्र शासनाच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने २००६ मध्ये ती स्वीकारली नाही. तरीही २००७ मध्ये रायगड जिल्ह्यात, कर्जतनजीकच्या खैरात धनगरवाड्यातील एकशिक्षकी शाळेत २२ मुलांच्या हाती हे संगणक आले. यंत्र विचारपूर्वक घडविलेले होते. आत फिरणारी तबकडी नसल्याने धक्क्यांचे भय कमी, विजेचा वापर अत्यल्प, आणि पडदा भर उन्हातही वाचता येई. काळ्या मातीची धूळ व परभणीचा मे महिना ज्यांच्या परिचयाचा आहे, त्यांना या गुणांचे मोल सांगावयास नको. किंमत मात्र शंभर डॉलरवर थांबली नाही. उत्पादन सुरू होईपर्यंत ती दोनशेच्या जवळ पोहोचली.

पेरू देशाने हीच यंत्रे आठ लाखांहून अधिक घेतली. तेथील ३१९ ग्रामीण शाळांच्या पाहणीचे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. संगणकाचा वापर वाढला होता. गणित व भाषा या विषयांतील प्रगती मात्र दिसली नाही. कोणता धडा या यंत्राच्या साहाय्याने कसा शिकवावा, याची शिक्षकांची तयारी अपुरी राहिली होती. आपल्याकडील 'आकाश' या पाटीवजा संगणकाची कथा वेगळी. ५ ऑक्टोबर २०११ रोजी तो सुमारे २,२५० रुपयांत आला खरा, पण पहिल्या आवृत्तीचा पडदा बोटाला सहज दाद देत नसे व बॅटरी लवकर उतरे.

प्रस्तुत लेखकास अधिक विचारार्ह वाटतो तो बंगळूरचा 'सिंप्युटर'. भारतीय विज्ञान संस्थेतील प्राध्यापक व काही अभियंते यांनी २००१ च्या सुमारास तो सिद्ध केला. यंत्र गावाचे, आणि प्रत्येकाची माहिती ज्याच्या त्याच्या कार्डात, अशी त्याची योजना होती. निरक्षरासाठी भारतीय भाषांतून मजकूर वाचून दाखविण्याची सोयही होती. बाजारात तो चालला नाही; पुढे भ्रमणध्वनीने त्याची गरजच उरू दिली नाही. तथापि एक यंत्र अनेकांनी वापरावयाचे, ही कल्पना अल्प निधीच्या ग्रामपंचायतीस आजही उपयोगी आहे.

म्हणून खरेदीच्या ठरावातच पुढील वर्षांच्या दुरुस्तीची तरतूद लिहावी. भारनियमनाच्या वेळी यंत्र कशावर चालणार, हे आधी ठरवावे. मराठी टंकलेखन व मराठी पाठ यंत्रावर चालवून पाहिल्याखेरीज देयक मंजूर करू नये. शिक्षकाचे प्रशिक्षण यंत्र येण्यापूर्वी व्हावे. आणखी एक बाब क्षुल्लक वाटेल, पण तिच्यावाचून अनेक ठिकाणी यंत्रे कपाटात राहिली आहेत: खोलीची किल्ली शाळा सुटल्यावर व सुट्टीच्या दिवशी कोणाजवळ राहील, हे ठरावात नावानिशी नमूद करावे.