स्टार्चचे निर्मळ रूपांतर

भाताची पेज, कपड्यांची खळ आणि साबुदाणा या तिन्हींच्या मुळाशी एकच पदार्थ आहे. तो म्हणजे स्टार्च. वनस्पती तो बी, कंद व मुळे यांत सूक्ष्म कणांच्या रूपाने साठवितात. त्याचा रेणू म्हणजे ग्लुकोजच्या अनेक दुव्यांची साखळी होय.

नैसर्गिक स्टार्च थंड पाण्यात विरघळत नाही. तापविल्यास त्याचे कण फुगून दाट खळ होते. ती निवाली की गोठते व पाणी सोडू लागते. कागदाच्या व कापडाच्या कारखान्यांना मात्र पातळ आणि न गोठणारी खळ हवी असते. यासाठी रेणूची रचना थोडी बदलावी लागते.

रूढ पद्धतीत हे काम सोडियम हायपोक्लोराइटकडून करून घेतात. त्याने साखळ्या तुटतात व खळ पातळ होते. परंतु मागे क्लोराइड लवणे उरतात आणि काही क्लोरीनयुक्त सेंद्रिय द्रव्येही निर्माण होऊ शकतात. स्टार्च धुतलेल्या पाण्याबरोबर ही सर्व घाण बाहेर पडते. हायपोक्लोराइटऐवजी हायड्रोजन पेरॉक्साइड वापरल्यास त्याचे शेवटी पाणीच होते. लोह किंवा तांबे यांच्या लवणाचा अल्पसा अंश उत्प्रेरक म्हणून पुरतो.

साखळ्या एकमेकींस जोडून खळ टिकाऊ करावयाची असल्यास फॉस्फरस ऑक्सिक्लोराइडसारखे दाहक द्रव्य वापरतात. त्याच्या जागी लिंबातील सायट्रिक अम्ल चालू शकते. त्यात भिजविलेला स्टार्च वाळवून भट्टीत तापविला की अम्लाचे रेणू साखळ्यांना सांधतात. मात्र उष्णता अधिक झाल्यास स्टार्च पिवळा पडतो.

काही पद्धतींत रसायनही लागत नाही. ओलावा ३५ टक्क्यांहून कमी ठेवून स्टार्च सुमारे १०० ते १२० अंश सेल्सिअसपर्यंत तापविल्यास कण न फुटता त्यांची अंतर्रचना बदलते. विकरे, म्हणजे एन्झाइमे, हा आणखी एक मार्ग होय. १८३३ साली फ्रान्समध्ये पायाँ व पेर्सो यांनी मोड आलेल्या जवातून डायास्टेज हे विकर मिळविले. अशी विकरे सौम्य उष्णतेत साखळ्या हव्या तितक्या तोडू शकतात.

तथापि, केवळ विषारी द्रव्य टाळल्याने पद्धत निर्मळ ठरत नाही. भट्टीस इंधन लागते. धुण्यास पाणी लागते. उत्प्रेरकातील तांबेही सांडपाण्यात जाऊ देऊन चालत नाही. स्टार्च दरवर्षी शेतात पुन्हा पिकतो. परंतु कारखान्याने नासविलेली विहीर तितक्या सहज पुन्हा शुद्ध होत नाही. म्हणून पद्धतीची निवड करताना तयार मालाबरोबर मागे उरणाऱ्या पाण्याचीही परीक्षा व्हावयास हवी.